डोंगरातील आगगाडी हे खेळणे नव्हे

मे महिन्याची सुटी जवळ आली म्हणजे घरोघरी प्रवासाचे बेत सुरू होतात; आणि अलीकडे या बेतांत डोंगर चढणाऱ्या लहान आगगाड्यांना मानाचे स्थान मिळू लागले आहे. कोणी दार्जिलिंगला जातो, कोणी शिमल्याला, कोणी निलगिरीला. आणि ज्यांस इतका दूरचा प्रवास झेपत नाही ते आपल्या नेरळहून माथेरान गाठतात. ही आवड स्तुत्य आहे. परमेश्वराने निर्माण केलेल्या पर्वतांचे दर्शन आपल्या मुलांना लहानपणीच घडावे, अशी इच्छा कोणाही सुजाण मातापित्यांस होणारच. तथापि या गाड्यांना आपण जे नाव देऊन बसलो आहोत, त्याविषयी मला विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे थोडे निवेदन करावयाचे आहे. मुले त्यांना 'टॉय ट्रेन' म्हणतात. वडील मंडळी 'खेळण्यातली गाडी' म्हणतात. मला हे नाव मान्य नाही.

नुसत्या नावाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. पण ज्या वस्तूला आपण खेळणे म्हणतो तिच्याशी आपले वागणेही तसेच होते. खेळणे म्हणजे केवळ करमणुकीची वस्तू. ते मोडले की टाकून द्यावयाचे. आणि महाग असेल तर ते श्रीमंताच्या मुलानेच घ्यावयाचे, असा जगाचा रिवाज आहे. डोंगरातील आगगाड्यांविषयी हे तिन्ही समज आपल्यांत रुजू पाहत आहेत, आणि तिन्ही सारखेच चुकीचे आहेत असे मला वाटते. त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिला समज असा की या गाड्या करमणुकीसाठीच झाल्या. वस्तुस्थिती निराळी आहे. दार्जिलिंगची गाडी १८८१ साली पुरी झाली. त्यापूर्वी पायथ्याच्या सिलिगुडीहून वर जाणारा माल बैलगाड्यांनी जात असे, आणि ती वाहतूक एवढी महाग पडे की खाली मिळणाऱ्या तांदळाची किंमत वर पोहोचेपर्यंत दुपटीहून अधिक होई. फ्रँकलिन प्रेस्टेज नावाच्या रेल्वे अधिकाऱ्याने सरकारपुढे जी योजना मांडली तिच्या मुळाशी हा व्यवहार होता. वर धान्य स्वस्त मिळावे आणि तेथील मळ्यांतील चहा सुखरूप खाली यावा, म्हणून ते रूळ पडले. डोंगराची शोभा तेव्हाही तेथे होतीच, परंतु तिच्यासाठी कोणी पैसा ओतला नव्हता.

सर्वच गाड्यांचा हेतू असा लोकोपयोगी होता असे मात्र मी म्हणणार नाही. शिमल्याची गाडी १९०३ साली सुरू झाली ती उन्हाळ्यात तेथे राजधानी हलविणाऱ्या इंग्रज सरकारच्या सोयीसाठी. माथेरानची गाडी १९०७ साली धावू लागली, ती मुंबईच्या उकाड्याला कंटाळलेल्या सुखवस्तू मंडळींना थंड हवा सुलभ व्हावी म्हणून. पण एकदा रूळ पडले म्हणजे ते साहेब आणि मजूर यांत भेद जाणत नाहीत. ज्या वाटेने अधिकारी गेला त्याच वाटेने पुढे शिक्षक, हमाल, भाजीवाली, रोगी आणि विद्यार्थी गेले. दार्जिलिंग, निलगिरी व शिमला या तीन मार्गांना अनुक्रमे १९९९, २००५ व २००८ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला. तो देताना, एका नव्या वाहनव्यवस्थेने डोंगराळ मुलुखाच्या सामाजिक व आर्थिक जीवनाला कशी चालना दिली, याचा त्या संस्थेने मुद्दाम विचार केला होता. म्हणजे जगाने या गाड्यांचा गौरव केला तो केवळ खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्यासाठी नव्हे.

या गाड्या डोंगर चढतात तरी कशा, हेही विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगे आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरते तेव्हा घर्षण फार थोडे होते. सपाटीवर हा मोठा गुण. त्यामुळेच एक इंजिन एवढा भार ओढू शकते. परंतु चढ लागला की तोच गुण दोष ठरतो आणि चाक जागच्या जागी घसरू लागते. तेव्हा चढ सौम्य करावा, म्हणजेच वाट लांबवावी, हा पहिला उपाय होय. वाट लांबवावयाची तर वळणे घ्यावी लागतात, आणि रुळांमधील अंतर जितके कमी तितके आखूड वळण गाडीला घेता येते. माथेरानच्या मार्गावर हे अंतर अवघे दोन फूट आहे ते यासाठीच. नेरळहून निघालेली गाडी सुमारे एकवीस किलोमीटरांत जवळजवळ अडीच हजार फूट चढते. वाटेत बोगदा एकच, आणि तोही इतका आखूड की प्रवाशांनी त्याला एक थट्टेखोर नाव ठेविले आहे.

जेथे वळणालाही जागा पुरत नाही तेथे दुसरा उपाय योजतात. गाडी थोडी पुढे जाते, मग उलट दिशेने मागे चढते, आणि पुन्हा पुढे निघते. जिना चढताना आपण जसे वळतो तसाच हा प्रकार. दार्जिलिंगच्या मार्गावर तो आजही पाहावयास मिळतो. आपल्या बोरघाटातही १९२९ पर्यंत गाड्यांना असेच एके ठिकाणी दिशा बदलावी लागे. तिसरा उपाय निलगिरीचा. मेट्टुपाळयमहून निघालेल्या गाडीला कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात दर बारा फुटांमागे सुमारे एक फूट एवढा उभा चढ लागतो. तेथे दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्ट्या बसविल्या आहेत. इंजिनाचे दातेरी चाक त्यांत अडकते आणि एकेक दात पकडीत वर सरकते. शिवाय इंजिन डब्यांच्या पुढे न राहता खालच्या बाजूस राहते व त्यांना मागून ढकलते. म्हणजे डबे सुटून खाली जाण्याची भीती उरत नाही. सेहेचाळीस किलोमीटर चढून उदकमंडलम गाठावयास या गाडीला जवळजवळ पाच तास लागतात. त्या पाच तासांत भूमिती व पदार्थविज्ञान यांचे जेवढे पाठ दृष्टीस पडतात, तेवढे आम्ही शिक्षक फळ्यावर कित्येक दिवसांत शिकवू शकत नाही.

परंतु बुद्धीपेक्षाही अधिक आदर वाटावा अशी गोष्ट म्हणजे या मार्गांमागील मानवी श्रम. येथे मला बोरघाटाचे उदाहरण घ्यावेसे वाटते. तो लहान रुळांचा मार्ग नव्हे, पण महाराष्ट्रातील घाटांत लोखंडी वाट घालण्याचे धाडस प्रथम जेथे झाले त्यांपैकी तो एक. आणि मुंबई-पुण्याकडे जाताना आपल्यापैकी बहुतेकांनी तो ओलांडलेला आहे. १८५६ साली काम सुरू झाले आणि १८६३ साली गाडी धावू लागली. पंचवीस बोगदे फोडावे लागले. ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर एका वेळी त्या कड्यांवर राबत होते. पटकी, ताप, सुरुंगांचे अपघात आणि कड्यावरून कोसळणे यांमुळे किती माणसे दगावली याचा चोख हिशेब कोणी ठेवला नाही. इतिहासकारांचा अंदाज वीस हजारांच्या पुढे जातो. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल येथे आल्यावर थोड्याच दिवसांत, १८५९ साली, मृत्यू पावला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ते काम पुढे चालविले. ट्रेडवेल पतिपत्नींची नावे ग्रंथांतरी राहिली. त्या हजारो मजुरांची नावे मात्र परमेश्वरालाच ठाऊक.

मजुरांप्रमाणेच वाट दाखविणाऱ्यांचेही झाले. खंडाळ्याच्या घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंजिनियरांना घाटाची वाट सापडेना तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या गुरांच्या पायवाटेने त्यांना ती दाखविली, आणि त्याचे बक्षीस म्हणून त्याला प्राणास मुकावे लागले, अशी कथा या भागात सांगतात. तिकडे शिमल्याच्या डोंगरांत भलकू नावाच्या एका निरक्षर खेडुताने काठीने डोंगर ठोकीत बोगद्याची जागा दाखविली, अशी आख्यायिका आहे. शिमल्याच्या रेल्वे संग्रहालयास आज त्याचेच नाव आहे. या कथांतील खरे किती व लोकांनी रंगविलेले किती, हे मी ठरवू शकत नाही. पण सह्याद्री व हिमालय यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या, एकमेकांस कधी न भेटलेल्या लोकांनी एकसारखीच कथा जपावी, यात एक गाऱ्हाणे आहे. डोंगराचे ज्ञान ज्याच्या पायांत होते त्याचे नाव कागदावर आले नाही, हे ते गाऱ्हाणे. ज्या गाडीखाली एवढे कष्ट गाडलेले आहेत तिला खेळणे म्हणण्यास जीभ रेटत नाही.

आता दुसरा समज घेऊ: मोडले की टाकून द्यावे. डोंगरातील रूळ दर पावसाळ्यात परीक्षा देतात. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने माथेरानचा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला; तो २००७ साली पुन्हा सुरू झाला. २०१६ साली डबे रुळांवरून घसरल्यामुळे गाडी बंद ठेवण्यात आली आणि २०१८ च्या आरंभी ती पूर्ववत धावली. २०१९ च्या पावसाने पुन्हा मार्ग उखडला व नेरळहून वर जाणाऱ्या गाडीला २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत वाट पाहावी लागली. शिमल्याजवळ समर हिल येथे २०२३ च्या पावसाळ्यात रुळांखालची जमीनच वाहून गेली आणि रूळ अधांतरी लोंबकळत राहिले; तोही मार्ग दुरुस्त झाला.

अशा प्रत्येक वेळी एक प्रश्न ऐकू येतो. ही गाडी हळू चालते, तिच्यावर खर्च फार होतो, मोटार त्याच ठिकाणी लवकर नेते. मग हा खटाटोप कशाला? हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब विचारणे हे नागरिकाचे कर्तव्यच आहे. म्हणून त्याला भावनेने नव्हे तर विचाराने उत्तर दिले पाहिजे.

माथेरानपुरते पाहिले तर तेथे मोटारींना गावात मज्जाव आहे. त्या दस्तुरीच्या नाक्यावर थांबतात. हे निर्बंध आहेत म्हणूनच तेथील झाडी, तांबडी माती आणि शांतता आजवर टिकली. २००३ साली तर तो सारा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर झाला. सुटीच्या दिवसांत घाटाच्या एकाच रस्त्यावर मोटारींच्या रांगा लागतात, त्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना आणखी मोटारी हा उपाय सुचणार नाही. रस्ता रुंद करावयाचा तर डोंगर कापावा लागतो. दोन फुटांची आगगाडी मात्र शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मागितलेल्या जागेहून वीतभरही अधिक मागत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. नाक्यापासून पुढे माणसे व सामान नेण्यास माथेरानात पिढ्यान्‌पिढ्या घोडे आणि हाताने ओढावयाच्या रिक्षा चालत आल्या. एका मनुष्याने आरामात बसावे व दुसऱ्याने त्याला पशूप्रमाणे चढावर ओढावे, हे दृश्य कोणाही सहृदय माणसास खटकल्यावाचून राहत नाही. विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा प्रयोग तेथे २०२२ साली सुरू झाला. आणि २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने ही हातरिक्षांची चाल अमानुष ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा व त्या ओढणाऱ्यांच्या निर्वाहाची व्यवस्था लावण्याचा आदेश दिला. देवाने सर्वांस आपल्याच प्रतिरूपाचे केले असे आपण मानतो, तर हा निर्णय आपल्याला पूर्वीच सुचावयास हवा होता. नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंत लहान गाडीच्या फेऱ्या होतात आणि खालचा मार्ग बंद असतानाही बहुधा त्या चालू राहतात. अशी प्रत्येक फेरी म्हणजे कोणाच्या तरी खांद्यावरचा भार उतरणे होय. तिला तोट्याची म्हणण्यापूर्वी आपण जमाखर्चाच्या वहीत कोणकोणती नावे लिहितो ते तपासले पाहिजे.

तिसरा समज मला सर्वांत अधिक भयावह वाटतो. तो म्हणजे महाग खेळणे श्रीमंताच्या मुलाचे. अलीकडे डोंगरी मार्गांवर काचेच्या छताचे, ऐसपैस बैठकीचे डबे जोडले जात आहेत. मुंबई-पुण्याच्या डेक्कन एक्स्प्रेसलाही २०२१ साली असा डबा लागला. त्यांचे भाडे साध्या डब्याच्या कितीतरी पट असते. अशा डब्यांस माझा विरोध नाही. ज्यांच्याजवळ आहे त्यांनी अधिक द्यावे आणि त्या पैशातून मार्गाची निगा राखावी, हे न्याय्यच आहे. माझी मागणी एवढीच की त्या डब्यासाठी साध्या बाकांचा डबा गाडीतून काढला जाऊ नये. डोंगरावर गाडीला ओढता येतील असे डबे मोजकेच असतात. तेथे एकाची भर म्हणजे दुसऱ्याची तूट. जी गाडी राष्ट्राच्या मालकीची आहे, जिचे रूळ अनाम मजुरांनी बसविले, तिच्यात त्या मजुरांच्या पणतवंडांना बसावयास जागा उरू नये, यापरता उफराटा न्याय कोणता? पर्वताचे दर्शन ही सरकारने वा कंपनीने निर्माण केलेली वस्तू नाही. ती देणगी सर्वांस मिळालेली आहे. तिच्यापर्यंत नेणारी एक तरी जागा गवंड्याच्या व शिपायाच्या मुलाला परवडेल अशी राहिली पाहिजे, आणि तसा आग्रह आपण सुशिक्षितांनी धरला पाहिजे.

या बाबतीत माथेरानच्या गाडीचा इतिहास बोध घेण्याजोगा आहे. ती सरकारने बांधली नाही. मुंबईचे उदार बोहरा व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांनी सोळा लाख रुपये घातले आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात ती उभारली. श्रीमंताने आपला पैसा अशा कामी लावला की त्याच्या पश्चात शंभर वर्षे अनोळखी माणसे त्या वाटेने जात राहिली. संपत्तीचा विनियोग कसा करावा याचे हे एक उदाहरण होय.

पालकांस माझी विनंती अशी की शाळेची सहल ठरविताना करमणुकीच्या बागांचा आग्रह धरण्यापूर्वी एकदा अशा गाडीचा विचार करावा. खर्च त्याहून अधिक येत नाही, आणि मुले परत येतात ती काही पाहून येतात. मात्र न्यावयाचे तर थोडी पूर्वतयारी करवून न्यावे. ज्या मुलाला चढ म्हणजे काय, वळण कशासाठी, बोगदा कोणी फोडला, हे ठाऊक आहे, त्याचे डोळे सबंध वाटभर उघडे राहतात. ज्याला ठाऊक नाही तो अर्ध्या तासात कंटाळून मोबाइलात डोके घालतो.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांला दोन शब्द सांगून हा लेख पुरा करतो. गाडी हळू चालते म्हणून कुरकुरू नका. तिच्या वेगाने गेल्यासच करवंदाची जाळी, झऱ्याची धार आणि दरीच्या तळाशी असलेले घर स्पष्ट दिसते. चालत्या गाडीतून उतरणे, दाराबाहेर लोंबकळणे व छायाचित्रासाठी रुळांवर उभे राहणे हा पराक्रम नव्हे. खाऊचा कागद व पाण्याची बाटली दरीत भिरकावू नका. ती उचलण्यास कड्यावर कोणीतरी तुमच्यासारखाच जीव असलेला माणूस उतरणार असतो. दार्जिलिंगला वाफेच्या इंजिनाच्या पुढील टोकावर बसून दोघे जण चाके घसरू नयेत म्हणून हाताने रुळांवर वाळू टाकतात. पावसात, थंडीत, धुक्यात त्यांचे काम सुटत नाही. आपल्या माथेरानच्या वाटेवरही रोज कोणीतरी रुळांवरून पायी चालत प्रत्येक खिळा व प्रत्येक दगड पाहतो, तेव्हा तुमची गाडी निघते. खिडकीतून असा माणूस दिसला तर दरीकडची दृष्टी क्षणभर वळवा आणि त्याला नमस्कार करा. तुमच्या तिकिटात त्याच्या श्रमांची पुरी किंमत धरलेली नाही. ती आदराने चुकती करावयाची असते.